दुसऱ्या गाडीच्या आधी

अहो,

तुमचे कॅनव्हासचे बूट अजून खिडकीतच आहेत. पाऊस नाही, धुकं नाही, बूट ठणठणीत कोरडे आहेत, आणि तरी सकाळी उठलं की माझा हात आधी त्यांच्याकडे जातो. इतकी वर्षं ते वाळवायचं काम केलं ना. पावसाळ्यात लोणावळ्यात माणूस वाळत नाही, तिथे बूट कुठले वाळणार. शेगडीशेजारी उभे करून ठेवायची मी. एकदा डाव्याचा तळ करपला, तर तुम्ही महिनाभर जेवायला बसलात की विचारायचात, "आज बुटाची भाजी न्हाई का?" तेव्हा मला राग यायचा. आता बूट उचलून आत ठेवावेत एवढंही माझ्याने होत नाही.

हे लिहिलेलं वाचलं असतंत तर म्हणाला असतात, "आलं बाईंचं भाशान." काय करू, माहेरी, नवलाख उंबरे गावच्या शाळेत सातवी झाली, तेव्हा गुरुजींनी लिहायचं मराठी वेगळं आणि बोलायचं वेगळं असं डोक्यात बसवलं, ते अजून निघालेलं नाही. तुमच्या पेटीत एक कोरी वही सापडली. त्यात लिहितेय, कारण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली आहे. बारा वर्षं राहिली. तुम्ही समोर होतात तोवर उद्या सांगू, उद्या सांगू करत राहिले.

तुम्ही गेल्यापासून भेटायला येणारा प्रत्येक जण उंबऱ्यातच तेच म्हणतो, "एवढा पळनारा मानूस, आन् असं कसं झालं?" पहिले चार दिवस मी मान डोलावली. पाचव्या दिवशी तुमच्या टाकव्याच्या चुलतभावाला म्हणाले, "पळत व्हते म्हनून कायमचं ऱ्हानार व्हते का?" ते चहा न पिताच उठले. तुम्ही असतात तर मला रागावला असतात आणि ते वळणावरून दिसेनासे झाल्यावर पोट धरून हसला असतात. आता दोन्ही कामं माझ्याकडे आली आहेत. त्यातलं रागावणं जमतं.

पळायचं खूळ तुमच्या डोक्यात शिरलं तेव्हा आपली सुमन पहिलीत होती. रेल्वेच्या केबिनमध्ये सिग्नलच्या लिव्हर ओढून दंड भरले होते, पण पोटही सुटलं होतं. एकदा केबिनचा जिना चढताना धाप लागली, ते मनाला लागलं तुमच्या. दुसऱ्या दिवशी पहाटे खाकी अर्धी चड्डी घालून निघालात. त्या काळी लोणावळ्यात काम नसताना कोण पळायचं? भाजीवाल्या विचारायच्या, "गाडी चुकली का भाऊ?" म्हातारे विचारायचे, "कुनी मागं लागलंय का?" धरणाकडच्या बंगल्यातल्या एका बाईंनी तर मोटार थांबवून तुम्हाला आत बसवलं. घरी कोणी आजारी आहे आणि हा माणूस डॉक्टरांकडे पळतोय असं त्यांना वाटलं. तुम्हाला नाही म्हणता येईना, म्हणून डॉक्टरांच्या दारात उतरलात आणि तिथून पुन्हा धरणापर्यंत पळत गेलात. सासूबाई टाकव्याहून आल्या की म्हणायच्या, "पळायचंच हाय तर वावरात डुकरं शिरत्यात त्यांच्यामागं पळ म्हनावं. कायतरी कामी तरी येशील."

मीही कमी बोलले नाही. तुम्ही पळत नाही, मालधक्क्यामागे जाऊन बसता, आणि घाम आला असं दाखवायला तोंडावर पाणी मारून येता, असं मी चाळीत सगळ्यांना सांगितलं होतं. त्यावरूनच ते पैजेसारखं सुरू झालं. लग्नातलं गजराचं घड्याळ मनाला येईल तेव्हा चालायचं. "रविवारी दुरुस्तीला नेतो" हे तुम्ही इतके रविवार म्हणालात की सुमनला तो घड्याळाचाच एखादा वार वाटायचा. पण लाइनीकाठच्या चाळीत घड्याळावाचून कुणाचं अडतंय. पुण्याची पहिली गाडी लोणावळ्याहूनच सुटायची, तिची शिट्टी झाली की घरोघर शेगड्या पेटायच्या. मग अर्ध्या तासाने मुंबईकडची गाडी घाट चढून वर यायची, की पोरांना आंघोळीला हाकलायचं. तेव्हा तुमचा नियम ठरला. पहिल्या शिट्टीला उंबरा सोडायचा, धरणाच्या भिंतीला हात लावायचा, आणि दुसरी गाडी यायच्या आत परत उंबऱ्याला हात लावायचा. आधी की मागून, ते मी सांगायचं.

दोन वर्षं रोज गाडी आधी आणि तुम्ही मागून. मी पिठाच्या हाताने दारात उभी असायची. गाडीचा शेवटचा डबा मालधक्क्यापलीकडे गेला की थोड्या वेळाने तुम्ही वळणावर दिसायचात, लाल तोंडाने. मी म्हणायची, "मागनं." मग कारणं. कुत्रं आडवं आलं. नाडी सुटली. जोशी मास्तर भेटले, त्यांना रामराम न करता कसं जायचं. गेट लागलं होतं. त्यावर मी म्हणायची, "गेट त्याच गाडीसाठी लागलं व्हतं ना? मंग तुमी तितंच मागं पडलाता की." तुम्ही चहा पीत बसायचात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघायचात.

आता त्या दिवसाचं सांगते.

श्रावणातली सकाळ होती. पहिली गाडी सुटली, तुम्ही गेलात. मी नळावर गेले तर शेजारच्या गंगूबाई भेटल्या, त्यांचे मालक रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये. म्हणाल्या, "आमच्या ह्यांना पहाटंच बोलावनं आलं. घाटात धोंडा आलाय लाइनीवर. तिकडनं येनाऱ्या समद्या गाड्या मागं हायेत." मी हंडा भरून आले. डोक्यात आलं की आज बिचारे गाडीच्या आधी येतील आणि त्याचा काही उपयोग नाही. आल्या आल्या सांगायचं ठरवलं होतं, देवाशपथ ठरवलं होतं.

तुम्ही वळणावर दिसलात. अजून गाडीचा पत्ता नव्हता. उंबऱ्याला हात लावलात, वाकून गुडघे धरलेत, आणि मान वर करून माझ्याकडे बघून असे हसलात की मी तसं तुम्हाला आधी कधी पाहिलं नव्हतं. सगळे दात दिसत होते. म्हणालात, "आदी का मागनं?"

मला गंगूबाईंचं बोलणं सांगवेना. दोन वर्षांनी तो माणूस असा हसत होता, आणि मी त्याला धोंड्याचं सांगू? मी म्हणाले, "आदी. आदी आलात की वो." नुसतं म्हणाले नाही, टाळ्या वाजवल्या. सुमनला उठवलं, बाबा गाडीच्या आधी आले म्हणून. चहात दोन चमचे साखर घातली. तुमचा अर्धा चहा पिऊन झाला तेव्हा घाटाकडून शिट्टी आली, आणि तुम्ही कपातच बघत राहिलात. मला वाटलं, आनंदाने गप्प झालात.

खोटं बोलायची सवय नसली की माणूस ते जरा जास्तच नेटाने करतं. मी चाळभर सांगून आले. मग वाटलं, हे आता खरंच करायला हवं, म्हणजे खोट्याचं पाप राहणार नाही. पुण्याला रेल्वेच्या माणसांच्या शर्यती व्हायच्या. केबिनमधले तुमचे जोडीदार दत्तू भावजी, त्यांना गाठून मी म्हणाले, ह्यांचं नाव घाला. तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही जरा चाचरलात. "आगं, तितं जवान पोरं असत्यात." मी म्हणाले, "गाडीला मागं टाकलंत, पोरांचं काय घेऊन बसला?" मी मांजरपाटाची पांढरी चड्डी शिवली. तिचा एक पाय दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब झाला, हे तुम्ही सांगितलं नाहीत, मैदानावर मला लांबून दिसलं.

त्या मैदानाचं काय सांगू. पहिल्या फेरीत तुम्ही सगळ्यांच्या मागे होतात. तिसऱ्या फेरीत सगळे तुमच्या मागे होते, कारण ते एक फेरी पुढे गेले होते. शेवटी बाकीच्यांचे हार-तुरे झाले, आणि मैदानात तुम्ही एकटेच, आखूड पायाची चड्डी सावरत. लोक हसत होते. मी सुमनचा हात इतका घट्ट धरला की ती रडायला लागली. वाटत होतं, धावत जाऊन तुम्हाला थांबवावं आणि सांगावं, चला घरी, सगळा माझा दोष. पण तुम्ही थांबला नाहीत. पूर्ण केलीत शर्यत. शेवटच्या रेषेवरची सुतळी गोळा करणाऱ्या माणसाला रामराम केलात आणि आमच्याकडे चालत आलात.

परतीच्या गाडीत तुम्ही तळेगाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होतात. मी डब्यातली चपाती-भाजी काढली, तुम्ही घेतली नाहीत. मी तेव्हाच सांगणार होते, तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात तुम्ही वळलात आणि म्हणालात, "एक सांगू? पयल्या नंबराचा गडी शेवटपत्तुर माज्याच मागं व्हता." आणि हसलात. मीही हसले. मग तुम्ही चपाती घेतलीत, आणि माझं सांगणं पुढच्या दिवसावर गेलं.

पुढचा दिवस काही आला नाही. उलट तुमच्या हाती कायमचा हुकमाचा एक्का आला. भाजीत मीठ जास्त झालं असं म्हटलंत आणि मी वाद घातला, की तुम्ही म्हणायचात, "गाडीच्या आदी आलेला मानूस हाय मी, जरा मान ठेव." सुमनच्या लग्नात जावयांना तेच. घड्याळाचा विषय काढला तर तेच. "त्या दिशी आलोतो का न्हाई आदी?" मला म्हणावं लागायचं, "आलाता." त्या दिवसानंतर तुम्ही पुन्हा कधी गाडीच्या आधी आला नाहीत. तरी पळत राहिलात, आणि मी "मागनं" म्हणत राहिले. फक्त पहिल्यासारखं जोरात म्हणत नव्हते.

यंदा दिवाळीनंतर तुमची छाती भरायला लागली. डॉक्टरांनी पळणं बंद केलं, मग केबिनचा जिना बंद केला, मग अंगण. खाट खिडकीशी लावली, म्हणजे गाड्या दिसतील. पहिली शिट्टी झाली की पांघरुणाखाली तुमचे पाय हलायचे. शेवटच्या आठवड्यातल्या एका सकाळी तुम्ही माझं मनगट धरलंत आणि म्हणालात, "आगं, ऐक. त्या गाडीचं येक सांगायचं..." मला वाटलं, पुन्हा तेच. आजारपणातही फुशारकी सुटत नाही. रात्रभर जागी होते, कंबर मोडली होती. मी म्हणाले, "व्हय, व्हय. आलाता आदी. आता पडा गप." तुम्ही मनगट सोडलंत. मग गप पडलात. माझ्यानेही त्या वेळी काही सांगवलं नाही. नंतरच्या दिवसांत तुम्हाला बोलायला दमच राहिला नाही.

तुमच्या तेराव्याला दत्तू भावजी आले. पानावरून उठून हात धुतले आणि माझ्याजवळ येऊन बसले. इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणाले, "वैनी, येक सांगू का? ऱ्हाग येऊ द्यायचा न्हाई."

मी म्हणाले, सांगा.

"त्यो धोंडा आला व्हता घाटात, त्या दिशी मीच व्हतो केबिनीत. ह्यो खालनं पळत निगाला, तवा मी खिडकीतनं वरडलो, आरं, तुजी गाडी वीस मिन्टं मागं हाय, निवांत जा. तर हसला. म्हनला, लय ब्येस झालं, आज घरी गंमत करतो. तिला आदी म्हनाया लावतो आन् मंग सांगतो."

मी हातातला तांब्या खाली ठेवला.

"दुसऱ्या दिशी आला तर त्वांड येवढंसं. म्हनला, दत्त्या, गंमत आंगावर आली. ती येवढी खूश झाली, टाळ्या काय वाजवल्या, पोरीला काय उठवलं. मला बोलवंना. पुन्याला नाव घातलं म्हनून मला शिव्या दिल्या त्यानं. म्हनलं, न्हाई म्हन की. तर म्हनला, आता न्हाई म्हनलं तर तिला कळंल. तिच्यासाठी पळालो तितं, न्हाईतर मी कशाला जातोय हसं करून घ्यायला." भावजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "लय येळा म्हनायचा, सांगनार हाय तिला. सांगितलं का न्हाई त्यानं शेवटी?"

मी नाही म्हणून मान हलवली. मला हसू आलं. सगळे पाहुणे बसलेले, म्हणून तोंडाला पदर लावला. त्यांना वाटलं रडतेय, बायका पाठीवर हात फिरवायला लागल्या. थोड्या वेळाने त्यांचं खरं झालं.

मलाही ठाऊक होतं, हे मी भावजींना सांगितलं नाही. ते आधी तुम्हाला सांगायचं होतं.

तेव्हापासून मी ती सकाळ पुन्हा पुन्हा डोळ्यासमोर आणतेय. तुम्ही वर बघून हसलात ते गमतीचं हसू होतं, आणि मला वाटलं आनंदाचं. मी टाळ्या वाजवल्या त्या तुमच्यासाठी, आणि तुम्हाला वाटलं माझ्यासाठी. बारा वर्षं एका खोलीत, एका ताटाशी बसून आपण एकमेकांना सांभाळत राहिलो, आणि दोघांपैकी एकाचाही गाडीचा टाइम चुकला नव्हता. किती हसलो असतो हो आपण. तुम्ही त्या सकाळी माझं मनगट धरलंत तेव्हा मी पाच मिनिटं ऐकून घेतलं असतं, तर खाटेवर बसून दोघांनी चाळ गोळा केली असती हसून. मी म्हणाले, पडा गप. माझ्या आयुष्यात मी तुम्हाला हजार वेळा गप बसवलं असेल, त्यातलं एकच मला परत हवं आहे.

सुमन म्हणते, आई, आता माझ्याकडे घोरावाडीला चल. स्टेशनाला लागूनच घर आहे, तुला गाड्यांचा आवाज येईल. पोरगी गुणाची आहे, जावईही चांगले आहेत. चैत्र संपेपर्यंत क्वार्टर रिकामं करायचंच आहे. पण त्यांच्या भिंतीवर घड्याळ आहे, मिनिटाला मिनिट चालणारं. तिथे गाडी आली काय नि गेली काय, कुणाला त्याचं काही नसतं.

काल सकाळी पहिल्या गाडीची शिट्टी झाली आणि मी शेगडी न पेटवता दाराला कुलूप घातलं. पदर खोचला आणि निघाले. मालधक्क्यामागे कोणी नाहीसं बघून निऱ्या धरून थोडं पळूनही पाहिलं. दहा पावलांत दम लागला. एका कुत्र्याने उठून बघितलं आणि परत झोपलं. तुमचं ते आडवं येणारं कुत्रं खोटं होतं की काय, ही शंका पुन्हा आली. मग चालतच गेले. धरणाच्या भिंतीशी पोचले तेव्हा ऊन वर आलं होतं. तुम्ही नेमका कुठल्या दगडाला हात लावायचात, ते मी कधी विचारलंच नव्हतं. मी पहिला दिसला त्याला लावला. गार होता.

परत येताना गेट लागलेलं. मी दांड्यापाशी उभी राहिले. दुसरी गाडी केव्हाच गेली होती, आता घाटाकडून तिच्या मागची आली, धडधडत समोरून जायला लागली, आणि त्या आवाजात मी मोठ्याने म्हणाले, "अहो, त्या दिशी गाडी मागं व्हती. मला ठावं व्हतं. नळावरच कळालं व्हतं." डबे जात होते. मी पुन्हा म्हणाले. शेवटचा डबा गेला तेव्हा मी अजून बोलतच होते.

वर गेटाजवळच्या केबिनच्या खिडकीत दत्तू भावजी होते. काय ऐकू आलं त्यांना, देव जाणे. खाली वाकून म्हणाले, "वैनी, आज टायमात हाय गाडी."

मी म्हणाले, "व्हय. मीच मागनं आले."

गेट उघडलं. मी घरी आले. किल्ली काढायच्या आधी सवयीने नाही, मुद्दाम, उंबऱ्याला हात लावला आणि वर बघितलं. दाराला कुलूप होतं. आधी की मागून, हे सांगायला तिथे कोणी नव्हतं.